एमएस आहे की नाही हे ठरेपर्यंत: तपासण्या, अपॉइंटमेंट आणि तारखांचा कागद

निशिगंधा:

नमस्कार. आपल्याला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आहे की नाही, या एका प्रश्नासाठी मी गेले चौदा महिने वेगवेगळ्या डॉक्टरांकडे आणि तपासणी केंद्रांत जाते आहे. पुढच्या मंगळवारी लंबर पंक्चर, म्हणजे पाठीतले पाणी काढून करायची तपासणी आहे आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी न्यूरॉलॉजिस्टांची भेट ठरली आहे. आजवर काय काय झाले ते क्रमाने लिहिते, म्हणजे या वाटेवरून आधी गेलेल्यांना मी कुठे उभी आहे हे कळेल आणि जे आत्ता सुरुवातीला आहेत त्यांचे काही फेरे तरी वाचतील.

सुरुवात डाव्या तळपायापासून झाली. एका सकाळी पायात मोजा राहून गेला आहे असे वाटले म्हणून हात लावला, तर पाय उघडाच होता. तीन दिवसांत तो बधिरपणा गुडघ्यापर्यंत आणि मग कमरेपर्यंत चढला. आंघोळीचे पाणी उजव्या पायाला गरम लागे आणि डाव्या पायाला नुसतेच ओले लागे. तीन आठवड्यांनी हळूहळू सगळे पूर्ववत झाले. त्या काळात एका डॉक्टरांनी पाठीचा एमआरआय आणि पायांची एनसीव्ही तपासणी करून घेतली, दोन्ही नॉर्मल आल्या, आणि नस कुठे तरी दबली असेल असे म्हणून विषय तिथेच मिटला. एनसीव्हीमध्ये हातापायांतल्या नसांमधून विद्युतसंदेश किती वेगाने जातो ते मोजतात. एमएसमध्ये मात्र बिघाड होतो तो मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांमागच्या दृष्टिचेता यांच्यातल्या चेतातंतूंवर असलेल्या मायलिन नावाच्या आवरणात. त्यामुळे एनसीव्ही नॉर्मल आली म्हणून एमएस नाही असे म्हणता येत नाही, हे मला आठ महिन्यांनी समजले.

आठ महिन्यांनी उजवा डोळा दुखायला लागला. डोळा स्थिर ठेवला तर काही नाही, पण बाजूला वळवला की मागून कोणी ओढल्यासारखी कळ येई. दोन दिवसांनी त्या डोळ्यापुढे धुके आले. नेत्रतज्ज्ञांनी आत पाहिले, तर सगळे ठीक दिसले. मग त्यांनी टॉर्चचा प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर आलटून पालटून टाकला आणि शेवटी लाल टोपण असलेली एक बाटली पुढे धरून विचारले, "दोन्ही डोळ्यांना लाल सारखाच दिसतो का?" डाव्या डोळ्याला तो लाल दिसत होता आणि उजव्या डोळ्याला धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. त्याच दिवशी त्यांनी न्यूरॉलॉजिस्टांच्या नावे चिठ्ठी दिली. दृष्टिचेतेची सूज डोळ्याच्या मागे असली तर सुरुवातीला आत पाहून काहीच दिसत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले आणि त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन.

त्यानंतर तीन दिवस सलाईनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळाले. व्हीईपी तपासणीत बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन पडद्यावर सतत जागा बदलत असतात आणि डोळ्याने पाहिलेले मेंदूच्या मागच्या भागात किती वेळाने पोहोचते ते मोजतात. ही लहर साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवी, ती माझ्या उजव्या डोळ्याची स्पष्टपणे उशिरा आली. मेंदूचा एमआरआय मात्र कॉन्ट्रास्ट देऊनही अर्धवट बोलला. रिपोर्टमध्ये लिहिले आहे की मेंदूत काही पांढरे ठिपके आहेत, ते कोणत्याही एका आजाराचे खास लक्षण नाहीत आणि रुग्णाच्या लक्षणांशी ते ताडून पाहावेत. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की आता डोळे मिटूनही दिसते.

माझे प्रश्न दोन आहेत. लंबर पंक्चरच्या आधी आणि नंतर नेमकी काय काळजी घ्यावी? आणि भेटीच्या वेळी काय विचारावे, की बाहेर आल्यावर "हे राहूनच गेले" असे वाटू नये?

ध्रुवतारा:

निशिगंधाताई, मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे, तेव्हा मी माझ्या बाजूचे तेवढे सांगतो. सर्वांत आधी एक प्रश्न: पायाच्या बधिरपणासाठी झालेला पाठीचा एमआरआय नेमका कोणत्या भागाचा होता, हे रिपोर्टच्या मथळ्यात पाहाल का? तिथे लंबर किंवा लंबोसॅक्रल असे लिहिले असेल, तर तो कमरेचा आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली केवळ नसांचा जुडगा असतो. म्हणजे कमरेच्या चित्रात मज्जारज्जूचे शेवटचे टोक तेवढे येते आणि मानेचा व छातीमागचा भाग, जिथे एमएसचे चट्टे शोधायचे असतात, तो त्यात येतच नाही. पाय बधिर झाला म्हणून कमरेचा फोटो काढला जातो, हे आमच्याकडे वारंवार घडते.

आता त्या ठिपक्यांविषयी. मेंदूतले पांढरे ठिपके मायग्रेनमध्ये दिसतात, रक्तदाबात दिसतात आणि वय वाढले की निरोगी माणसातही दिसतात. म्हणून ते किती आहेत यापेक्षा कुठे आहेत याला फार महत्त्व आहे. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला चिकटून असलेले लांबट चट्टे, मेंदूच्या बाह्य थरात किंवा त्याला लागून असलेले, मस्तिष्कस्तंभात किंवा लहान मेंदूत असलेले आणि मज्जारज्जूतले, या चार जागा डॉक्टर तपासतात. मज्जारज्जूत वयोमानाने असे ठिपके सहसा पडत नाहीत, त्यामुळे तिथे लहानसा चट्टा सापडला तरी त्याचे वजन बरेच असते. एमएसच्या निदानासाठी डॉक्टर जे निकष वापरतात त्यांच्या २०१७ च्या आवृत्तीत या चारच जागा होत्या. २०२४ च्या सुधारणेने, जी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, दृष्टिचेतेला पाचवी जागा म्हणून मान्यता दिली आहे. तुमच्या डोळ्याच्या आणि व्हीईपीच्या कागदांना त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे, ते वेगळे काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट. कॉन्ट्रास्ट म्हणून देतात ते गॅडोलिनियम ताज्या, सूज असलेल्या चट्ट्यांत उतरते आणि ते चट्टे चित्रात उजळतात. स्टेरॉइडमुळे ही सूज ओसरते, त्यामुळे सलाईननंतर काढलेल्या चित्रात काहीच उजळले नाही तर तेवढ्यावरून चट्टे जुने आहेत असे ठरवता येत नाही. एमआरआयच्या आधी जो अर्ज भरून घेतात त्यावर स्टेरॉइड कोणत्या तारखांना घेतले ते लिहा, आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ते पोहोचेल असे पाहा. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन कुठेही जाऊ नका. सीडी किंवा डिजिटल स्वरूपातली मूळ चित्रे मागून घ्या, कारण न्यूरॉलॉजिस्टांना ती स्वतः पाहायची असतात आणि पुढच्या वेळी नवीन चित्रे जुन्यांशी जुळवूनच नवा चट्टा आला की नाही हे समजते.

पारिजात:

माझ्या पत्नीचे लंबर पंक्चर दोन वर्षांपूर्वी झाले, त्या वेळी मी खोलीतच होतो. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला सांगतात, म्हणजे मणक्यांमधली जागा मोकळी होते. भुलीचे इंजेक्शन चुरचुरते. त्यानंतर दाब जाणवतो. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या बऱ्याच खाली घालतात, त्यामुळे मज्जारज्जूला इजा होईल ही जी भीती प्रत्येकाच्या मनात असते ती तुम्ही मनातून काढून टाका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगायलाच हवे.

आम्हाला त्रास झाला तो दुसऱ्या दिवशी. उठून बसले की डोके फुटेल असे दुखे आणि आडवे झाले की पाच मिनिटांत थांबे. आम्ही दोन दिवस ते अंगावर काढले, ते काढायला नको होते. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिल्यामुळे हे होते. बहुतेकांचे ते आराम, पाणी आणि कॉफीसारख्या पेयांतल्या कॅफीनने थांबते. नाही थांबले तर रुग्णाचेच थोडे रक्त त्या जागी सोडून छिद्र बुजवतात, त्याला ब्लड पॅच म्हणतात. पत्नीला त्यानंतर तासाभरात बसता आले. बोथट टोकाची, अॅट्रॉमॅटिक म्हणतात ती सुई वापरली तर हा त्रास कमी प्रमाणात होतो, तेव्हा कोणती सुई वापरणार हे आधीच नम्रपणे विचारा. ताप, मान आखडणे किंवा पायांत नव्याने कमजोरी जाणवली तर मात्र वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावे.

त्याच वेळी हातातून रक्तही घेतले जाईल याची खात्री करून घ्या. पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे तपासणीत दिसणारे प्रतिपिंडांचे पट्टे, आहेत का हे पाहताना ते रक्तात नाहीत ना हेही पाहावे लागते, कारण केवळ पाण्यात असलेले बँडच मेंदू-मज्जारज्जूच्या आतल्या दाहाची खूण मानतात. आमच्या वेळी रक्ताची बाटली पाठवायची राहिली आणि रिपोर्ट आठ दिवस अडकून पडला.

ओंजळ:

निशिगंधा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला कळकळीने लिहायचे आहे, कारण मी तीन वर्षे केवळ नीट सांगता आले नाही म्हणून भटकले. पहिल्या दोन डॉक्टरांनी तणाव असे लिहिले. आता मागे वळून पाहताना मला त्यांचा राग येतो, पण हेही दिसते की मी दर वेळी त्या दिवशी जे होत होते तेवढेच सांगत होते, आणि ज्या दिवशी भेट असे त्या दिवशी नेमके फारसे काही होत नसे.

एमएसच्या निदानात दोन गोष्टी पाहतात: चेतासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी आणि एकाहून अधिक वेळा काही घडले आहे का. इयान मॅकडोनल्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने २००१ मध्ये मांडलेले निकष २००५, २०१०, २०१७ आणि २०२४ मध्ये सुधारले गेले आणि एमआरआय व पाण्याच्या तपासणीमुळे दुसऱ्या झटक्याची वाट पाहण्याची गरज उत्तरोत्तर कमी होत गेली. तरीही चित्रातला चट्टा बोलत नाही. कोणत्या महिन्यात, शरीराच्या कोणत्या भागात, किती दिवस आणि ते पूर्ण बरे झाले का, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. म्हणून एका पानावर तारखांचा कागद करा. एका ओळीत एक प्रसंग लिहा: सुरुवात, वाढायला किती दिवस लागले, काय करता येत नव्हते, कधी ओसरले. "पाय बधिर" असे लिहिण्यापेक्षा "डाव्या पायाला पाण्याचा गरमपणा कळत नव्हता" हे तुमचे वाक्य जसेच्या तसे लिहा. त्यातून डॉक्टरांना कोणता मार्ग बिघडला आहे ते समजते.

झटका कशाला म्हणायचे हेही माहीत असावे. किमान चोवीस तास टिकलेले, ताप किंवा संसर्ग नसताना आलेले आणि आधीच्या झटक्यापासून तीस दिवसांचे अंतर असलेले लक्षण हा वेगळा झटका मानतात. उन्हातून आल्यावर किंवा गरम पाण्याने आंघोळ केल्यावर जुन्याच डोळ्यापुढे अर्धा तास धुके येत असेल तर तो नवा झटका नव्हे. त्याला उहटॉफची घटना म्हणतात. तीही लिहा, पण वेगळ्या रकान्यात. आणि किरकोळ वाटून सोडून दिलेले काही असेल तर तेही आठवून पाहा: मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखी लहर जाणे, बरगड्यांभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे, लघवीची घाई, दुहेरी दिसणे. मला ही यादी कोणी वाचून दाखवली असती तर माझे एक वर्ष वाचले असते.

निशिगंधा:

ओंजळताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी काही वेळ नुसती बसून राहिले. डोळा दुखण्याच्या चार महिने आधी असे झाले होते, की चपलेचा पट्टा लावायला खाली वाकले की मानेपासून मांडीपर्यंत वीज सरकल्यासारखे होई. दहा-बारा दिवस ते होत होते. मी उशी बदलली आणि विसरून गेले. कोणाही डॉक्टरांना हे सांगितलेले नाही.

ध्रुवतारादादा, रिपोर्ट पाहिला. मथळ्यात लंबोसॅक्रल लिहिले आहे. माझ्या मानेचा आणि छातीमागचा एमआरआय आजवर कधी झालेलाच नाही.

ओंजळ:

मग मंगळवारपर्यंत थांबू नका. उद्याच डॉक्टरांच्या सहायकांना फोन करून या दोन गोष्टी कळवा. वाकल्यावर जाणाऱ्या त्या लहरीला लेर्मिटचे लक्षण म्हणतात. मानेतल्या मज्जारज्जूत चट्टा असला तर ते येते. अर्थात ते ब-१२ च्या कमतरतेत किंवा मानेच्या मणक्यांच्या दाबानेही येऊ शकते, म्हणूनच चित्र हवे.

अंकुर:

मी या सगळ्याच्या अगदी सुरुवातीला आहे. डॉक्टरांना इतके विचारले तर त्यांना राग येत नाही का?

पारिजात:

कधी कधी येतो, अंकुर. पण "ही तपासणी कशासाठी आहे आणि ती नॉर्मल आली तर पुढे काय" हा प्रश्न बहुतेक डॉक्टरांना आवडतो असाच आमचा अनुभव आहे. जे या प्रश्नाने चिडले त्यांच्याकडे आम्ही पुन्हा गेलो नाही.

सावली:

मी थोडी वेगळी बाजू मांडते, कारण मला एमएस नव्हते. डोळ्याची सूज आणि त्यानंतर दोन्ही पायांची ताकद जाणे, एवढ्यावरून मला "जवळजवळ एमएसच" असे सांगण्यात आले होते आणि औषधांची चर्चाही सुरू झाली होती. मज्जारज्जूचा चट्टा मात्र तीन मणक्यांहून अधिक लांब होता, तर एमएसमधले चट्टे सहसा आखूड असतात. त्यावरून दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टांनी रक्तातली अॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडे तपासायला पाठवली, ती पॉझिटिव्ह आली आणि निदान न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे दृष्टिचेता आणि मज्जारज्जूला सूज आणणारा एक वेगळा आजार, असे झाले. हा फरक केवळ नावाचा नाही. इंटरफेरॉन, नटॅलिझुमॅब आणि फिंगोलिमॉड ही एमएसमध्ये उपयोगी पडणारी औषधे या आजारात उलट हानी करू शकतात.

म्हणून रक्ताच्या इतक्या तपासण्या कशाला, असे वाटले तरी त्या टाळू नका. ब-१२, थायरॉइड, ल्युपस व शोग्रेन या आजारांसाठीची प्रतिपिंडे, एचआयव्ही, सिफिलिस, आणि लक्षणांनुसार अॅक्वापोरिन-४ व मॉग (मायलिनमधले एक प्रथिन) यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे, या प्रत्येकीमागे एमएससारखा दिसणारा एकेक आजार उभा आहे. एमएसची स्वतःची अशी एकही रक्ततपासणी नाही. बाकीचे दारात नाहीत याची खात्री करूनच त्याचे नाव घेतात. मला त्या दिवसांत उशीर अन्यायासारखा वाटत होता. पण घाईने चुकीचे औषध सुरू झाले असते तर आज मी चालत असते की नाही, हा विचार अजूनही मनात येतो.

निशिगंधा:

सर्वांना नमस्कार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

फोन केला त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टांनी मान आणि छातीमागचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय लिहून दिला आणि तो पाण्याच्या तपासणीच्या आधीच झाला. लंबर पंक्चर पारिजात यांनी सांगितले होते तसेच पार पडले. सुईविषयी विचारले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पाकीट उघडण्याआधी मला दाखवले. डोके एक दिवस जड होते, तेवढेच. रक्ताची बाटली मी स्वतः लेबल वाचून पाठवू दिली.

भेटीच्या दिवशी मी तारखांचा कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला. मग त्यांनी वाकल्यावर वीज जाण्याची नोंद असलेल्या तिसऱ्या ओळीखाली पेन टेकवले, पडदा माझ्याकडे वळवला आणि मानेच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवरचा एक लहान, फिकट डाग दाखवला. लांबी एका मणक्याहूनही कमी. मेंदूतल्या ठिपक्यांपैकी दोन पोकळीच्या कडेला टेकलेले होते, हे त्यांनी चित्रे स्वतः पाहून सांगितले. रिपोर्टमध्ये त्यांचा निराळा उल्लेखच नव्हता. पाण्यात बँड आहेत, रक्तात नाहीत. अॅक्वापोरिन-४ आणि मॉग निगेटिव्ह आहेत. ब-१२ ठीक आहे. हे सगळे एकेक करून सांगितल्यावर त्यांनी आजाराचे नाव घेतले: रिलॅप्सिंग-रेमिटिंग, म्हणजे झटके येऊन ओसरणारा एमएस.

मी रडेन असे वाटले होते. रडले नाही, गाडीत बसल्यावर डाव्या पायावर हात ठेवून बराच वेळ बसले होते. घरी आल्यावर आईला सांगताना मात्र आवाज फुटेना, तेव्हा तिने माझ्या हातातून फाईल घेतली आणि तो कागद स्वतःच वाचला.

औषध सुरू करण्याआधी आता तपासण्यांचा पुढचा टप्पा आहे: हेपटायटिस बी, क्षयरोग, कांजिण्यांची प्रतिपिंडे आणि जेसी विषाणूची (काही औषधांबरोबर मेंदूला संसर्ग करू शकणाऱ्या) प्रतिपिंडे. कोणते औषध निवडायचे हे काही अंशी यांवर ठरेल आणि जिवंत विषाणू असलेल्या लसी घ्यायच्या असतील तर त्या काही औषधांच्या आधीच घ्याव्या लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. माझ्या कांजिण्यांच्या रिपोर्टमध्ये प्रतिपिंडे आढळली नाहीत. अशा वेळी लस घेऊन औषधासाठी थांबावे लागले असे तुमच्यापैकी कोणाचे झाले असेल, तर मधल्या काळात काय काळजी घेतली आणि त्या काळात झटका आला तर काय करायचे हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवले होते का, ते कृपया लिहावे.